जीमॅट ६४५ : परत द्यायची की अर्जाला लागायचं?

जीमॅट, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा, परत द्यावी की आहे त्या गुणांवर अर्ज करावा, हा तुमचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तुमचे गुण एकूण ६४५, त्यात क्वांट (गणित) ८५, व्हर्बल (इंग्रजी वाचन-तर्क) ८४, डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांवरून निष्कर्ष) ७७. घरी दिलेल्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, स्कोअर ६८५ पर्यंत गेला होता, अर्ज दुसऱ्या राउंडला (कॉलेजांच्या अर्जाच्या दुसऱ्या फेरीला) करायचाय, आणि सल्लागार म्हणतात "सातशेच्या आत आहे, परत द्या". परीक्षा तुम्ही एकदा देऊन आला आहात, त्यामुळे तिचं स्वरूप वगैरे सांगत बसत नाही.

आधी त्या सातशेचा निकाल लावू. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या जीमॅटमध्ये गुण २०५ ते ८०५ असतात, जुनीत २०० ते ८०० होते. दिसायला जवळपास सारखंच, घोळ होतो तो त्यामुळेच. नवीत एकूण गुणांचा शेवटचा आकडा कायम ५ असतो, म्हणजे ७०० हा गुण या परीक्षेत कुणाला पडूच शकत नाही! परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या तुलना-तक्त्यात नवा ६४५ जुन्या ७०० च्या आसपास येतो. म्हणजे तुमचे सल्लागार जो आकडा मागतायत, तिथे तुम्ही जवळपास पोहोचलेलेच आहात.

यावर इतकं लिहितोय कारण मलाही हाच सल्ला मिळाला होता, असाच जुना तक्ता समोर ठेवून. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. पण पर्सेंटाइल (आपल्या खाली किती टक्के परीक्षार्थी आहेत तो आकडा) विचारला तर उत्तर नाही, कॉलेजनं दिलेली सरासरी नव्या परीक्षेची की जुनीची हे विचारलं तरी उत्तर नाही, आणि पुढच्या बॅचची फी मात्र लगेच सांगितली. या एका सल्ल्यात माझा अर्जाचा आख्खा राउंड गेला. फेरपरीक्षेच्या शिकवणीवर ज्याची कमाई आहे, त्याला "परत देऊ का?" हे विचारूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. चांगले सल्लागारही असतात. ते आधी तुमचा रिपोर्ट मागतात.

आता विभाग. ७७ बघून डेटा इनसाइट्स फार पडला असं वाटतं, पण तिन्ही विभागांचे गुण एकमेकांशी थेट ताडून बघता येत नाहीत. डेटा इनसाइट्समधल्या ८० चा पर्सेंटाइल क्वांटमधल्या ८० पेक्षा बराच वर असतो. तेव्हा पर्सेंटाइलचा रकाना बघा. तरीही वाढीला जागा तिथेच आहे, हे खरं. तिन्ही विभागांचं वजन सारखं असल्यामुळे कुठल्याही विभागातला एक गुण एकूणात साधारण ६-७ गुणांचा पडतो. ७७ चे ८० झाले आणि बाकीचं तसंच राहिलं, तर एकूण ६६५ च्या आसपास जातं. क्वांट ८५ वरून ८८ वर नेणं त्याहून पुष्कळ अवघड, कारण तिथे चुकायला जागाच उरत नाही.

मॉकच्या ६८५ वर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ती अधिकृत मॉक होती का? पहिल्यांदाच दिली होती का? सलग बसून, मध्ये एकच दहा मिनिटांची सुट्टी घेऊन दिली होती का? एकदा दिलेली अधिकृत मॉक परत दिली की ओळखीचे प्रश्न येतात आणि गुण फुगतात. खाजगी क्लासच्या मॉकचा उपयोग सरावापुरता, अंदाजाला त्या घेऊ नयेत. आणि काहीही न बदलता तीच परीक्षा परत दिली तरी गुण दोन-तीन पायऱ्या, म्हणजे २०-३० गुण, इकडेतिकडे होतातच. म्हणून नव्या, न पाहिलेल्या दोन अधिकृत मॉकमध्ये ६७५ किंवा त्यावर आलात तरच फेरपरीक्षेला अर्थ आहे. एकीत ६८५ आणि दुसरीत ६४५ आला, तर तुमची आजची पातळी ६४५ च्याच आसपास आहे असं धरून चाला.

मग अधिकृत रिपोर्ट उघडा. आधी त्यासाठी वेगळे पैसे पडायचे, आता तो गुणांबरोबरच मिळतो. कुठला प्रश्न बरोबर, कुठला चूक, कशाला किती वेळ गेला, कुठलं उत्तर बदललं, सगळं त्यात दिसतं. डेटा इनसाइट्सला ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटं. एखाद्या प्रश्नावर चार-पाच मिनिटं गेली आणि शेवटचे तीन-चार सलग चुकले असं दिसलं, तर दुखणं वेळेचं आहे आणि ते काही आठवड्यांत सुधारतं. चुका सगळीकडे विखुरलेल्या असतील, पुरेसा वेळ देऊनही उत्तर चुकलं असेल, तर पाया कच्चा आहे. त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि तेवढे तुमच्याकडे नसतील तर परीक्षा सोडा, अर्ज धरा.

वेळेचंच दुखणं निघालं तर दोन गोष्टी. मल्टी-सोर्स रीझनिंगचे (वेगवेगळ्या टॅबमधली माहिती एकत्र वाचून सोडवायच्या प्रश्नांचे) टॅब सुरुवातीलाच नीट वाचा, कारण एकाच माहितीवर बहुतेक वेळा तीन प्रश्न येतात आणि सुरुवातीला घातलेला वेळ पुढे वसूल होतो. आणि ज्या प्रश्नाचे दोन-तीन भाग असतात तिथे सगळे भाग बरोबर आले तरच गुण मिळतो. पहिल्या भागातच अडकलात तर अंदाजाने उत्तरं टाकून पुढे जा. बुकमार्क करून नंतर येऊ म्हणाल, तर तपासणीची स्क्रीन शेवटचा प्रश्न सोडवल्यावरच येते, तीही वेळ उरला तर, आणि बदलता येतात फक्त तीन उत्तरं. प्रश्न सुटून राहिले तर गुण चांगलेच कापले जातात, तेव्हा शेवटच्या मिनिटाला काहीतरी निवडाच. क्वांटवाल्यांना ऑनस्क्रीन कॅल्क्युलेटर मोठा आधार वाटतो, पण तो फक्त डेटा इनसाइट्समध्येच आहे आणि आकडेमोड अंदाजाने होत असेल तर तो वेळच खातो.

दोन परीक्षांत किमान १६ दिवसांचं अंतर लागतं, आणि कुठल्याही १२ महिन्यांत पाचदाच देता येते. पण १६ दिवसांनी देता येते म्हणून सतराव्या दिवशी द्यायला जाऊ नका. एवढ्यात फार काही बदलत नाही, नुसती फी जाते. साधारण सहा-आठ आठवडे धरा, आणि अधिकृत निकाल यायला काही दिवस लागतात हे लक्षात ठेवून तारीख अर्जाच्या मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी पडेल असं बघा. तेवढं बसत नसेल तर याच ६४५ वर अर्ज करा. अर्जाचे निबंध घाईत लिहून, शिफारस देणाऱ्यांना शेवटच्या आठवड्यात गाठून मिळवलेले २० गुण माझ्या मते तोट्यात जातात. मी प्रवेश समितीवर नाही, हे अनुभवातून आणि बऱ्याच जणांचे निकाल बघून झालेलं मत आहे. अतिशय चुरशीच्या कॉलेजांची सरासरी तुमच्याहून बरीच वर असेल, किंवा पदवीचे गुण कमी असतील, तर पारडं फेरपरीक्षेकडे झुकू शकतं.

दुसऱ्यांदा कमी पडले तर काय, ही भीती बाजूला ठेवा. नव्या पद्धतीत तुम्ही पाठवाल तेवढाच स्कोअर कॉलेजला दिसतो, बाकीचे प्रयत्न कळत नाहीत. अधिकृत गुण आल्यापासून ४८ तासांत पाच ठिकाणी स्कोअर फुकट पाठवता येतो, त्यासाठी कॉलेजांची यादी आधीच ठरवून ठेवा. जीआरईकडे (बऱ्याच एमबीए कॉलेजांना जीमॅटऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या परीक्षेकडे) वळावं का, असं पुढे कुणी विचारेल म्हणून सांगतो: क्वांट ८५ असताना परीक्षा बदलण्यात मला काही फायदा दिसत नाही. व्हर्बल ८४ असूनही जीआरईच्या शब्दसंग्रहाची तयारी पहिल्यापासून करावी लागेल.

रिपोर्टमधल्या डेटा इनसाइट्सच्या वेळा आणि कुठल्या क्रमांकाचे प्रश्न चुकले ते इथे टाकलंत, तर दुखणं वेळेचं की पायाचं ते बघून सांगतो.