दोन वर्षांच्या मुलासाठी घरच्या घरी शिकण्याचे कोणते खेळ करता येतील?

आपण जळगावात राहता आणि विकतची खेळणी न आणता मुलाला काय देता येईल, असे विचारले आहे. उन्हाळ्याच्या दुपारी मुलाला बाहेर नेणे अवघड असल्याने मी आधी पाण्याचा खेळ सुचवीन. परातीत दोन वाट्या ठेवून एकीतले पाणी दुसरीत ओतू दिले, की हात आणि डोळे यांचा मेळ हळूहळू बसू लागतो. मात्र थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून शेजारीच बसावे आणि खेळ संपताच पाणी टाकून द्यावे. भाकरी करताना पिठाचा गोळा थापायला दिल्यास बोटांना बळ येते, फक्त कच्चे पीठ तोंडात जाऊ देऊ नये. डबे आणि झाकणे जुळवणे हाही चांगला खेळ आहे.

धान्य किंवा शेंगदाणे निवडण्याचा खेळ अनेक जण सुचवतात, पण इतक्या लहान वयात तो टाळावा, कारण सुमारे 3 सेंमीहून लहान वस्तू श्वासनलिकेत अडकू शकते. त्याऐवजी टोपलीत केळी, भरिताची वांगी आणि मोठे कांदे ठेवून एकेक मागावे. आजी अहिराणीत बोलत असतील, तर त्यांनी अहिराणीतच मागावे. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही.