खिडकी उघड आणि ऐक

प्रिय मित्रा,

तुझं पाण्याच्या टँकरवरचं गाणं तीनदा ऐकलं. नगरसेवकाला घातलेल्या शिव्या दमदार आहेत. खालचा ठेका मात्र कुणाच्याही गाण्याखाली चालेल असा, कुठून तरी उचललेला. म्हणून तुला 'फाइट द पॉवर' या गाण्याबद्दल लिहावंसं वाटलं.

'डू द राइट थिंग' या सिनेमासाठी दिग्दर्शक स्पाइक ली याला 'पब्लिक एनिमी' या अमेरिकन रॅप गटाकडून गाणं हवं होतं. कृष्णवर्णीयांचं एक जुनं गौरवगीत नव्या रूपात करावं, असं त्याच्या मनात होतं. गटाचा संगीत-निर्माता हँक शॉकली सांगतो, त्याने खिडकी उघडली आणि स्पाइक लीला बाहेर डोकं काढून ऐकायला सांगितलं. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांतून ते गीत वाजतंय का? नव्हतंच वाजत.

मग शॉकलीच्या 'बॉम्ब स्क्वॉड'ने, म्हणजे गाणी रचणाऱ्या त्याच्या टोळीने, रस्त्याचाच गोंगाट रचला. जुन्या रेकॉर्डमधले तुकडे थरावर थर, जेम्स ब्राउनच्या गाण्यातले ड्रम. सॅक्सोफोनसाठी जॅझवादक ब्रॅनफर्ड मार्सालिसला बोलावलं आणि तीनदा वाजवून घेतलं: एकदा फंक, एकदा जॅझ, एकदा सगळे नियम सोडून मोकाट. त्याला वाटलं, यातलं एक निवडतील. त्यांनी तिन्ही एकदम लावले! सिनेमातली आवृत्ती हेडफोन लावून ऐक. चौकात अडकल्यासारखा जीव कासावीस होतो, आणि तोच तर हेतू आहे.

अमेरिका भडकली ती तिचे लाडके गोरे नायक, गायक एल्विस प्रेस्ली आणि नट जॉन वेन, यांना शिव्या देणाऱ्या ओळींनी. पण शिवी देऊन गटाचा रॅपर चक डी थांबत नाही. माझे बहुतेक नायक टपालाच्या तिकिटांवर दिसत नाहीत, असं तो लगेच पुढे म्हणतो. शिवीमागे पुरावा आहे. एप्रिल १९८९ मध्ये ब्रुकलिनच्या रस्त्यावर व्हिडिओ केला तेव्हाही लोक आपल्या नायकांचे फोटो उंचावून चालत होते. तुझ्या गाण्यात शिवीनंतर काय येतं? पुन्हा शिवीच.

आणखी एक, हे मला फार लागतं. त्याच वर्षी पब्लिक एनिमीतल्याच एकाने मुलाखतीत ज्यूंबद्दल द्वेषाने गरळ ओकली आणि ऐन भरात गट मोडकळीला आला. तुझ्या दुसऱ्या कडव्यात परप्रांतीयांवर जी ओळ आहे, ती काढून टाक. तेही त्याच टँकरच्या रांगेत उभे असतात रे.

दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधले तुकडे आता परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. १९९१ च्या एका अमेरिकन निकालाने ती वाट आवळली. तुला त्याची गरजही नाही. टँकर येतो तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव. हंडे आपटतात तो आवाज, ड्रायव्हरचा हॉर्न, पाइप कुणाच्या हंड्यात यावरून होणारी भांडणं, सगळं येऊ दे. रविवारी घेऊन ये. आधी नुसतं ऐकू, मग ठेक्याचं बघू.

तुझा,
काका