मरळीला सॉफ्ट प्लास्टिक टाकायचं तर बासवाला स्पिनिंग रॉड चालेल का?

तुम्ही विचारलंय की बेळगावकडच्या पाण्यात मरळीला रबरी मासे, म्हणजे सॉफ्ट प्लास्टिकची नकली आमिषं, टाकायची आहेत, अमेरिकेत बास नावाचा शिकारी मासा धरणारे लोक व्हिडिओत सात फुटी मीडियम-लाइट, म्हणजे कमी ताठ, स्पिनिंग रॉड दाखवतात, तर तो घ्यावा की बाजारात मिळणारा टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, पुरे? आणि कंपनी कुठली?

टेलिस्कोपिक घेऊ नका. हे पहिल्यांदा सांगून मोकळा होतो, कारण याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या आतेभावाचं, म्हणजे आमच्या अण्णाचं, कित्येक वर्षं वाजतंय. तो म्हणतो काठी कसलीही असू दे, मरळ नशिबात असली की लागते.

हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरायला लागतं, गाळपेरीची जमीन उघडी पडते आणि बुडालेल्या बाभळींची खोडं वर येतात. मरळ त्या खोडांच्या बुडाशी दबा धरून असते. अशाच एका सकाळी आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. दोघांकडे एकाच पाकिटातले चार इंची शेपटीवाले रबरी मासे, तोच ऑफसेट गळ, तेच पाच ग्रॅमचं गोळीसारखं शिसं. अण्णाच्या हातात फायबर ग्लासचा टेलिस्कोपिक, माझ्या हातात दोन तुकड्यांचा सात फुटी कार्बन रॉड, मीडियम-हेवी (म्हणजे बराच ताठ), फास्ट ॲक्शन (म्हणजे टोकाकडेच वाकणारा).

रबर तळाला टेकवायचं, थोडं थांबायचं, टिप, म्हणजे रॉडचं टोक, वीतभर उचलायची आणि परत खाली सोडायचं. मरळ घेते ती बहुतेक खाली पडतानाच. पाण्यासकट आत ओढते आणि खोटं वाटलं की थुंकते. तेवढ्यात कळलं पाहिजे. माझ्या बोटाला एकदाच ‘टक्’ लागलं, पाण्यावर पडलेली ब्रेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, हातभर डावीकडे सरकली, मी झटका दिला आणि मासा लागला. थोड्या वेळाने परत तेच. अण्णाला काहीच नाही. “तुझी जागा चांगली आहे,” म्हणाला. जागा बदलली. तरी मलाच. शेवटी मी माझा रॉड त्याच्या हातात दिला आणि त्याचा मी घेतला. काही वेळाने अण्णा ओरडला, “अरे, कळलं की रे!” आणि बाभळीच्या फांद्यांतून चांगली जाड मरळ ओढून काढली. त्याच्या काठीवर मला मात्र रबर तळाला टेकलं की नाही एवढंही समजत नव्हतं.

रात्री जेवताना घरच्या सगळ्यांसमोर अण्णा म्हणाला, “आज नशीब जोरावर होतं.” ते मला अजून लागलेलं आहे. म्हणून कारण नीट लिहितो.

जिवंत आमिष लावलं तर मासा ते गिळून पळतो, मग काठी कसलीही चालते. अण्णाचं सगळं आयुष्य गांडूळ आणि बेडकावर गेलंय, त्याचं मत तिथून आलंय. रबरात मासा स्वतःहून अडकत नाही. ऑफसेट गळाचं टोक रबरात लपवलेलं असतं, म्हणून तो शेवाळात आणि फांद्यांत अडकत नाही. पण झटक्याच्या वेळी त्या टोकाला आधी रबर फाडून मग मरळीच्या हाडासारख्या टणक जबड्यात घुसायचं असतं. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या भागातच वाकतो, खालचा भाग ताठ राहतो आणि झटका गळापर्यंत पोचतो. बाजारातले स्वस्त टेलिस्कोपिक बुडापर्यंत वाकतात, झटका काठीतच मुरतो. वर प्रत्येक सांध्यात ती ‘टक्’ थोडी थोडी मरत जाते.

आता बासवाल्यांचा मीडियम-लाइट. त्यांचं चुकत नाही. उघड्या, स्वच्छ पाण्यात दोन-तीन ग्रॅमच्या शिशाचं डोकं असलेल्या गळाला छोटं रबर लावून आठ-दहा पाउंडाच्या लाइनवर बास धरायचा तर तोच रॉड हवा. आपल्याला बाभळी आणि जलपर्णीतून मरळ ओढून काढायची असते. त्यासाठी सहा फूट दहा इंच ते सात फूट, मीडियम-हेवी, ज्यावर ल्यूर, म्हणजे नकली आमिष, सात ते एकवीस ग्रॅमच्या आसपास लिहिलंय असा रॉड बघा. वीस-तीस पाउंडाची ब्रेड, पुढे गळाजवळ जाड दोरीचा तुकडा (लीडर), ३००० साइजचं रील. नायलॉनचं तंगूस नको, ते ताणलं जातं. पैसे कमी असतील तर रीलमध्ये वाचवा, रॉडमध्ये नको.

कंपनीच्या नावावर जाऊ नका. दुकानात स्वतःचं रील घेऊन जा, लावून बघा, टिप खाली झुकत असेल तर दिवसभरात मनगट दुखेल. दुकानदाराला टिप धरायला सांगून हळू ओढा, कुठून वाकतो ते बघा. कापसाचा बोळा लाइन जाते त्या प्रत्येक रिंगच्या आतून फिरवा. तंतू अडकला तर रिंगला चीर आहे, ती ब्रेड कापते. बसने किंवा गाडीवर न्यायचा प्रश्न असेल तर दोन तुकड्यांचा रॉड साडेतीन फुटांच्या थोडा वर भरतो. पीव्हीसी पाइपात घालून न्या.

राहिलेलं: कार्बनमधून वीज जाते. नदीकाठी शेतीच्या मोटारींच्या तारा खाली लोंबकळत असतात, तिथे रॉड जोडून फिरू नका, आणि गडगडायला लागलं की आडवा ठेवून लांब व्हा. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. तिथे रबर टाकलं की ती हमखास धरतात, म्हणूनच टाकू नका. आई-बाप गेले की पिल्लांना बाकीचे मासे खाऊन टाकतात. आणि तलाव-धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे किंवा ठेकेदाराकडे असते, आधी त्यांना विचारून मग पाण्यावर जा.