इंदूरमध्ये घरासाठी दुसरा लॅपटॉप सेकंडहँड घ्यावा का?

तुमचं म्हणणं असं की घरातला लॅपटॉप दिवसभर तुमच्या ऑफिसच्या कामात अडकतो. मुलगी नववीत आहे, तिचे ऑनलाइन क्लास असतात आणि संध्याकाळी घरातल्या आजींना पुण्याला व्हिडिओ कॉल करायचा असतो. त्यासाठी दुसरा हवा आणि बजेट वीस हजार. तर स्वस्तातला नवा घ्यावा की जुना?

जुनाच घ्या. फक्त कोणाच्या घरचा नको, कंपनीतून निघालेला बघा.

वीस हजारांच्या आसपास जो नवा मिळतो त्यात बहुधा सेलेरॉनच्या (इंटेलच्या अगदी साध्या चिपच्या) तोडीचा प्रोसेसर असतो आणि रॅम बऱ्याचदा बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे बदलता-वाढवता न येणारी. दोन वर्षांनी तो रडायला लागला की काही करता येत नाही. याउलट कंपन्या डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोवो थिंकपॅड अशी मशीनं तीन-चार वर्षं वापरतात आणि एकगठ्ठा काढून टाकतात. तोच माल लॉटमध्ये आपल्याकडे येतो. दिसायला काळी, जाडसर, मुलीला आवडणार नाहीत. पण कीबोर्ड दणकट, बिजागऱ्या मजबूत, आणि सुटे भाग कुठल्याही रिपेअरवाल्याकडे मिळतात.

इंदूरमध्ये बघायचं तर मोबाईलसाठी जेल रोड, लॅपटॉपसाठी आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल. ऑनलाइन जाहिरात बघून अनोळखी माणसाकडून घेणं थोडं स्वस्त पडतं, पण मी टाळतो. दुकानदार निदान दुसऱ्या दिवशी त्याच जागी सापडतो.

दुकानात पहिलं वाक्य ऐकाल ते "भिया, आय-फाइव्ह है, एकदम मक्खन". आय-फाइव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं नुसतं घराण्याचं नाव, त्याला काही अर्थ नाही, त्याच्यापुढचा आकडा विचारा, त्यावरून पिढी कळते. ८२५०यू किंवा ८३५०यू असेल तर आठवी पिढी. ७२००यू, ७३००यू म्हणजे सातवी. १०२१०यू असेल तर दहावी, तिथे पहिले दोन आकडे धरायचे. सातवी आणि आठवी यात कागदावर एकाच वर्षाचा फरक, पण विंडोज ११ इंटेलच्या जवळपास फक्त आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून दुकानांत सातव्या पिढीचा माल अचानक स्वस्त दिसतो. त्यात दुकानदार आडवाटेने विंडोज ११ घालूनही देतात, पण पुढे अपडेट मिळत राहतील याची हमी नाही. (विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम वापरणार असाल तर गोष्ट वेगळी, मग तो स्वस्त माल खुशाल घ्या. पण आजी आहेत घरात.) स्टिकर किंवा मॉडेलवर विसंबू नका, एकाच मॉडेलात कधी कधी दोन्ही पिढ्या निघाल्या आहेत. सेटिंग्जमध्ये सिस्टीमच्या खाली 'अबाउट' उघडून स्वतः वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी तपासत नाही. मशीन कंपनीचं होतं, तर कंपनीने ते खरंच सोडलंय का? पुष्कळ कंपन्या लॅपटॉपची नोंद आपल्या ऑनलाइन यंत्रणेत करून ठेवतात आणि विकताना ती काढायची राहून जाते. दुकानदार इंटरनेट न जोडता विंडोज टाकतो, सगळं झकास चालतं. वर्षभराने तुम्ही विंडोज नव्याने टाकायला जाता आणि पहिल्याच स्क्रीनवर कुठल्यातरी बंगळूरच्या कंपनीचं नाव येतं, खाली त्यांच्या ऑफिसचा लॉगिन मागतात. तिथे तुमचं काही चालत नाही.

मावसबहिणीसाठी बघायला गेलो तेव्हा मी दुकानदाराला म्हटलं, माझ्यासमोर रीसेट करा आणि माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडा. तो म्हणाला, "अरे भिया, घंटा भर लगेगा." म्हटलं लागू दे, आम्ही चहा घेऊन येतो. परत आलो तर ते मशीन काउंटरवरून गायब आणि त्याच किमतीत दुसरं पुढे केलेलं! पहिल्याचं काय झालं हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. दुसरं मात्र रीसेटनंतर सरळ वैयक्तिक खात्यापर्यंत गेलं, तेच घेतलं.

तसंच बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगचं. मशीन सुरू होताना डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१ दाबा. आत जाताना पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल तर उठा. आत गेलात तर तिथला सिरियल नंबर मोबाईलमध्ये टिपून ठेवा, तो नंतर लागेल.

विंडोज अस्सल आहे का, हे सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर कळतं. 'डिजिटल लायसन्स' असं लिहिलेलं असेल तर उत्तम. या मशीनांचं लायसन्स बहुधा बोर्डातच असतं. तिथे 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस'चा उल्लेख असेल तर दुकानात जुगाड केलाय असं समजा.

बॅटरीवरून मात्र जास्त डोकं लावू नका. दुसरा लॅपटॉप बहुतेक वेळ प्लगलाच लावलेला राहणार, वीज गेली तर तासभर निघाला की पुरे. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की अहवालाची फाइल बनते. त्यात डिझाइन कपॅसिटी ६०,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी ३९,००० असेल तर बॅटरी ६५ टक्के उरली. घरी चालेल, त्यावर हजार-पाचशे कमी करून घ्या. फक्त बॅटरी फुगलेली नको: टचपॅड वर उचललेलं दिसतंय का, टेबलावर ठेवल्यावर मशीन डुगडुगतंय का, हे बघा. थिंकपॅड टी४८० मिळाला तर त्यात दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून काढता येणारी. बाहेरची घरच्या घरी बदलता येते. तो टाइप-सी चार्जरवरही चालतो, म्हणजे तुमच्या आत्ताच्या लॅपटॉपचा चार्जर टाइप-सी असेल तर बहुतेक दोघांना एकच पुरेल.

कीबोर्ड मात्र नीट बघा. काही लॉट युरोपातून येतात. त्यात एंटर उभं, मोठं असतं आणि डावं शिफ्ट आखूड. मुलीचा हात बसताना घोटाळा होतो. नोटपॅड उघडून सगळी बटणं एकदा दाबून घ्या. कॅमेरा आणि माइकसाठी तिथूनच घरी एक व्हिडिओ कॉल लावा. या जुन्या मशीनांचा कॅमेरा ७२०पीचा, चित्र जरा मळकट येतं, आजींना चालेल. स्क्रीन मात्र फुल एचडीच मागा, १३६६ बाय ७६८ वर क्लासचा फळा वाचताना मुलगी डोळे बारीक करेल.

रॅम आठ जीबी किमान, सोळा मिळाली तर तीच घ्या. "नंतर वाढवू" हा हिशेब सध्या महाग पडतो, २०२५च्या अखेरपासून रॅमचे भाव चढलेत. एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, २५६ जीबी पुष्कळ झाली.

पैसे देताना पक्कं बिल मागा आणि त्यावर तो टिपलेला सिरियल नंबर लिहून घ्या. चोरीचा माल निघाला तर तुमच्या हातात तेवढाच पुरावा असतो. "बिल का क्या करोगे, टेस्टिंग वॉरंटी है ना" असं म्हणाला तर ती सात दिवसांची की तीस, हेही त्याच बिलावर लिहायला लावा. घरी आणल्यावर पहिला आठवडा रोज दोन-तीन तास वापरा, एकदा तरी क्लास आणि कॉल लागोपाठ चालू ठेवून पंखा किती ओरडतो ते ऐका. जे काही निघायचं ते मुदतीतच निघू दे.