क्वीन्समध्ये पहिलं घर: जागेआधी कागद बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स या बरोत, म्हणजे विभागात, पहिलं घर घ्यायचंय; दोघांची नोकरी, व्हिसा एच-वन-बी, मुलगी चार वर्षांची, सध्या जॅक्सन हाइट्सला भाड्याने राहता आणि आई-बाबा दर उन्हाळ्यात काही महिने येणार. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत. जॅक्सन हाइट्सलाच दोन बेडरूमचा को-ऑप (सोसायटीसारखा) फ्लॅट, रिचमंड हिलला दोन कुटुंबांचं घर घेऊन शिवाय बेसमेंट भाड्याने देणं, किंवा बेलरोज-फ्लोरल पार्ककडे छोटं घर. आणि शेवटी विचारलंय की आपली माणसं कुठे जास्त आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते. एजंटला हे विचारू नका. कुठल्या वंशाचे, धर्माचे लोक कुठे राहतात यावरून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदा आहे, त्यामुळे चांगला एजंट उत्तरच देणार नाही. आणि जो देईल त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. मला स्वतःला हा निकष घर घेण्यासाठी अपुरा वाटतो. क्वीन्सची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २४ लाखांच्या वर होती आणि त्यातले जवळपास निम्मे लोक दुसऱ्या देशात जन्मलेले आहेत. बाउन स्ट्रीटचं गणपतीचं देऊळ बरोच्या कुठल्याही कोपऱ्यातून बस-ट्रेनने गाठता येतं, ७४व्या रस्त्यावरची पोहे-साबुदाण्याची दुकानंही. रोज उपयोगी पडतो तो शेजारी. आमच्या मजल्यावर बांगलादेशी कुटुंब आहे, कोलंबियाच्या एक आजी आहेत आणि ताश्कंदहून आलेलं जोडपं आहे. आमच्या घराची जादा किल्ली त्या आजींकडे असते आणि माझी मुलं शाळेतून लवकर आली की त्यांच्याकडेच जेवतात.

जॅक्सन हाइट्सच्या जुन्या इमारती क्वीन्सबोरो कॉर्पोरेशनने १९१० आणि १९२० च्या दशकांत बांधल्या, मधोमध बागा ठेवून. तेव्हा तिथे ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. आज त्याच बागांमध्ये पाच-सहा भाषांतल्या आया मुलांना हाका मारतात. या बरोत घर घेण्याचं हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आहे, आणि म्हणूनच ते घर तुमच्या हातातून जाऊ नये याची काळजी कागदावर घ्यायला हवी.

आता को-ऑप. तुम्ही मुंबईत सोसायटीत वाढलात म्हणालात, तर निम्मं काम सोपं आहे. फ्लॅट तुमच्या मालकीचा नसतो. इमारत ज्या कंपनीची, तिचे शेअर तुम्ही घेता आणि त्या शेअरांसोबत राहण्याचा करार मिळतो. दर महिन्याला मेन्टेनन्स. पण दोन फरक मोठे आहेत. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. इथलं बोर्ड, म्हणजे इमारतीची समिती, तुमची कागदपत्रं तपासतं, मुलाखत घेतं आणि नाही म्हणालं तर सहसा कारण सांगत नाही. वंश, धर्म, नागरिकत्व किंवा व्हिसा यावरून नकार देणं शहराच्या मानवी हक्क कायद्यात बसत नाही, पण कारणच कळलं नाही तर सिद्ध करणं कठीण जातं. म्हणून फाइल अशी द्यायची की बोट ठेवायला जागा उरू नये.

दुसरा फरक लोकांच्या लक्षातच येत नाही. इथे बऱ्याच इमारतींवर स्वतःचं कर्ज असतं, फ्लॅटधारकांच्या कर्जाहून वेगळं. मी आमच्या इमारतीच्या बोर्डावर आहे आणि फ्लॅट बघायला येणाऱ्यांमध्ये याबद्दल विचारणारा क्वचितच भेटतो. ओटा ग्रॅनाइटचा आहे का, हे मात्र सगळे विचारतात. समजा १२० फ्लॅटच्या इमारतीवर ६० लाख डॉलरचं कर्ज आहे, फक्त व्याज भरायचं, दर सव्वातीन टक्के. वर्षाचं व्याज १,९५,००० डॉलर. मुदत संपली, नवं कर्ज साडेसहा टक्क्यांनी मिळालं, की तेच व्याज ३,९०,०००. हा फरक १२० घरांत वाटला तर सरासरी महिन्याला प्रत्येकी १३५ डॉलर जादा, आणि इमारतीत एक खिळाही नवा ठोकलेला नसतो. व्याजदर तळाला होते त्या काळात घेतलेली अशी अनेक कर्जं आता बदलायला येतायत. तेव्हा कर्ज किती, दर काय, मुदत कधी संपते, हे तीन आकडे ऑफर देण्याआधी मागा. एजंट 'नंतर बघू' म्हणाला तर थांबा.

त्याच वेळी वकिलाकडून मागच्या दोन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब आणि बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं वाचून घ्या. इतिवृत्तांत खरी गोष्ट सापडते: छप्पर गळतंय, बॉयलर बदलायचा आहे, लिफ्टची कटकट चालू आहे. सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंतींची दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची आहे आणि दुरुस्ती निघाली तर खर्च सगळ्यांच्या डोक्यावर येतो. २५,००० चौरस फुटांवरच्या बहुतेक इमारतींना २०१९ च्या लोकल लॉ ९७ प्रमाणे कार्बन उत्सर्जनाची मर्यादा आहे. त्यासाठी काय तरतूद केली आहे तेही विचारा. राखीव निधी रिकामा असलेली इमारत कितीही देखणी असली तरी मी घेणार नाही.

फाइलबद्दल. बऱ्याच बोर्डांना किमान २० टक्के डाऊन पेमेंट आणि त्यानंतरही हातात वर्ष-दोन वर्षांचा हप्ता-मेन्टेनन्स भरता येईल एवढी शिल्लक हवी असते. भारतातल्या कुटुंबांची फाइल एका ठिकाणी हमखास अडकते: खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम. तुमचे सासरे मदत करणार आहेत असं लिहिलंय. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेव्हा रकमेची अडचण नाही. अडचण कागदाची आहे. भेट असल्याचं सही केलेलं पत्र, पाठवणाऱ्याच्या बँकेचा उतारा आणि पैसे आल्याची नोंद, तिन्ही एकत्र ठेवा. कर्ज देणारी बँक बहुधा मागच्या दोन महिन्यांचे उतारे बघते, म्हणून पैसे त्याच्या बरेच आधी येऊ द्या. आणि परदेशातल्या व्यक्तीकडून वर्षभरात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचा फॉर्म ३५२० भरावा लागतो. त्यावर कर नाही, पण न भरल्याचा दंड जबर आहे.

व्हिसावर कर्ज मिळतं का, तर मिळतं, नेहमीचं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं कर्ज. एफएचए (सरकारी हमीच्या) कर्जाचा मार्ग मात्र मे २०२५ पासून ग्रीन कार्ड नसलेल्यांना बंद झालाय, त्यामुळे जुने सल्ले वाचून त्यावर बेत आखू नका.

रिचमंड हिलच्या घराबद्दल मला खरी काळजी वाटते. वस्ती सुंदर आहे, लिबर्टी ॲव्हेन्यूवर गयाना-त्रिनिदादची दुकानं, जवळच गुरुद्वारा, फगवाची म्हणजे होळीची मिरवणूक. काळजी वस्तीची नाही, तुमच्या हिशेबातल्या बेसमेंटच्या भाड्याची आहे. ते घर कागदावर दोन कुटुंबांचं आहे. शहराच्या परवानगीशिवाय तिसरं कुटुंब तळघरात ठेवलंत की ते बेकायदा ठरतं. तक्रार झाली तर दंड, कधी जागा रिकामी करण्याचा हुकूम, आणि भाडेकरूने भाडं थकवलं तर बेकायदा जागेचं भाडं कोर्टात मागायला गेलात तरी हाती बहुधा काही लागत नाही. कर्ज देणारी बँकही ते उत्पन्न धरणार नाही. एजंट 'सगळेच देतात' म्हणेल. पण १ सप्टेंबर २०२१ ची रात्र इथले लोक विसरलेले नाहीत. आयडा वादळाच्या पावसाने सेंट्रल पार्कमध्ये एका तासात तीन इंचांवर पाणी पडलं, शहरात १३ जण गेले, त्यातले ११ तळघरांतल्या खोल्यांत बुडून, बहुतेक आपल्याच क्वीन्समध्ये. त्यांत दोन वर्षांचं मूलही होतं. ज्या खोलीला बाहेर पडायला दुसरी वाट नाही तिथे कुणाला ठेवून त्यातून हप्ता भरायचा, हे मला पटत नाही.

दोन कुटुंबांचं घर घ्यायचंच असेल तर वरच्या मजल्याच्या कायदेशीर भाड्यावर गणित बसवा. बँक साधारण त्या भाड्याचे ७५ टक्के धरते. इमारत विभागाच्या साइटवर पत्ता टाकून सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, म्हणजे घर किती कुटुंबांसाठी वापरता येतं त्याचा दाखला बघा. १९३८ च्या आधीच्या घरांना ते नसूही शकतं, मग विभागाचं 'लेटर ऑफ नो ऑब्जेक्शन' मागायचं. उघडी राहिलेली परमिटं आणि थकलेले दंड तिथेच दिसतात. ॲक्रिस या शहराच्या दस्तनोंदणीच्या साइटवर जुनी खरेदीखतं आणि घरावरची कर्जं फुकट बघता येतात. सध्या भाडेकरू असेल तर घर रिकामं ताब्यात देण्याची अट करारात हवीच. पाण्याचा धोका तपासताना फक्त फेमाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याच्या, पूरनकाशावर थांबू नका. आयडात हॉलिस-जमैकाकडची जी घरं बुडाली, त्यांतली बरीच त्या नकाशात धोक्याबाहेर होती. शहराचा पावसाच्या पाण्याचा वेगळा नकाशा आहे तो बघा. साध्या गृहविम्यात पुराचं पाणी धरलेलं नसतं.

आणखी एक पैशाचा मुद्दा. घराच्या कर्जावर मॉर्गेज रेकॉर्डिंग टॅक्स, म्हणजे कर्जाच्या नोंदणीचा कर लागतो: कर्ज पाच लाख किंवा जास्त असेल तर तुमच्या वाट्याला १.९२५ टक्के. सात लाखांच्या कर्जावर साडेतेरा हजार डॉलरच्या आसपास झाले. को-ऑपवर हा कर नाही, टायटल इन्शुरन्स म्हणजे मालकीहक्काचा विमाही सहसा लागत नाही. आणि किंमत दहा लाखांना टेकली की एक टक्का मॅन्शन टॅक्स, म्हणजे महागड्या घरांवरचा कर, तोही खरेदीदाराने भरायचा. दोन कुटुंबांचं साधंसं घरही या आकड्याला सहज जाऊन भिडतं.

बेलरोज-फ्लोरल पार्क हा चांगला पर्याय आहे, फक्त हद्द नीट बघा. ही नावं क्वीन्स आणि नासाऊ काउंटी दोन्हीकडे चालतात. रस्ता ओलांडला की शाळा, घरपट्टी, पोलीस सगळं बदलतं. पलीकडे नासाऊत शहराचा प्राप्तिकर नाही पण घरपट्टी खूपच जास्त. क्वीन्सकडचा बराच भाग शाळांच्या डिस्ट्रिक्ट २६ मध्ये येतो आणि तिथल्या चांगल्या शाळांसाठीच लोक तिकडे जातात. पण सबवे नाही. एफ ट्रेन जमैकाच्या १७९व्या रस्त्यावर संपते, पुढे हिलसाइड ॲव्हेन्यूची बस. दोघांनाही मॅनहॅटनला जायचं असेल तर हिवाळ्यातल्या सकाळी एकदा प्रत्यक्ष करून बघा. जवळच ग्लेन ओक्स व्हिलेजचे दुमजली को-ऑप आहेत, किमती आवाक्यातल्या, मात्र वरचं घर घेतलं तर जिना. बाबांच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तळमजलाच बघा.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी लिफ्ट असलेल्या इमारतीतला दोन बेडरूमचा को-ऑप, जॅक्सन हाइट्स, एल्महर्स्ट किंवा रेगो पार्कमध्ये. आई-बाबा राहतील हे आधीच सांगून राहण्याच्या करारातलं पाहुण्यांचं कलम वाचा; तुम्ही घरी असताना सहसा अडचण येत नाही, तुम्ही भारतात आणि ते इथे असं झालं तर येऊ शकते. ग्रीन कार्डचं काही बिनसून परत जावं लागलं तर फ्लॅट भाड्याने देता येईल का, हेही बघा. काही इमारती दोन वर्षं राहिल्याशिवाय परवानगी देत नाहीत, काही कधीच देत नाहीत. फ्लॅट लाग्वार्डियाच्या विमानांखाली किंवा रूझवेल्ट ॲव्हेन्यूच्या ७ नंबर ट्रेनलगत असेल तर खिडकी उघडून दहा मिनिटं बसा, वेगवेगळ्या दिवशी, कारण वारा फिरला की विमानांचा मार्गही बदलतो.

ऑफर मान्य झाली म्हणून हुरळून जाऊ नका आणि घाबरूही नका. इथे दोन्ही बाजूंच्या सह्या करारावर होईपर्यंत कुणीच बांधलेलं नसतं, आणि दहा टक्के रक्कम सहीच्या वेळी द्यायची असते. वकील स्वतः शोधा, एजंटने सुचवलेला नको, क्वीन्सच्या को-ऑपची कामं नेहमी करणारा हवा. कर्ज नाकारलं गेलं तर ते दहा टक्के परत मिळतील हे कलम त्याच्याकडून करारात घालून घ्या. इमारतीचे हिशेब हातात आले की पत्ता झाकून आकडे मला पाठवा, मी मनापासून बघेन.