कुत्र्याने पुढे काय केलं?

परीक्षा संपत आल्या की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. माणसं वेगळी, काळजी तीच. "मॅडम, सुट्टीत चार दिवस बाहेर जायचं ठरवलंय, पण आमचं मूल प्राणी दिसला की किंचाळतं. गेल्या वेळी अर्ध्यातून परत फिरावं लागलं. यंदा काय करायचं?" कुणाला कुत्र्याची भीती, कुणाला मांजराची, एका मुलीला तर बदकांची. (हसू नका, ती पोर तळ्याकाठी जायचं म्हटलं की आदल्या रात्री झोपत नसे.) माझ्यापर्यंत येईतो आईवडिलांचं समजावून झालेलं असतं, रागावूनही झालेलं असतं. "मोठं झालं की जाईल आपोआप" म्हणत एक-दोन वर्षंही गेलेली असतात.

यातल्याच एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला आपण दादू म्हणू. वय सात. त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी ताई, आई आणि बाबा. दादू बोलका, हुशार, पाण्यात बेधडक उडी मारणारा. पण चार पायांचं काहीही दिसलं की बाबांच्या अंगावर चढणारा. कुत्रा त्याला कधीही चावलेला नव्हता. आईला हेच कोडं पडलं होतं. "काही झालंच नाही हो त्याला, मग एवढी भीती आली कुठून?"

मला या प्रश्नात फारसा रस नसतो, हे आधीच सांगून टाकते. भीतीची मुळं बालपणात खोल खोल शोधत बसणारे समुपदेशक आहेत, त्यांचा मला आदर आहे. मी मात्र भीती आज कशावर जगते आहे ते बघते. रोज कोण तिला खायला घालतंय ते कळलं, की निम्मं काम होतं.

दादूच्या बाबतीत ते मला खोलीत नाही, खाली फाटकापाशी कळलं. दुसऱ्या भेटीला मी त्यांना घ्यायला खाली गेले होते. फाटकापाशी एक कुत्रा पसरला होता. दादू ताईशी बोलण्यात दंग होता, त्याचं लक्षही नव्हतं. पण आईची बोटं त्याच्या मनगटाभोवती आवळली गेली. ती एका शब्दानेही काही बोलली नाही. दादूने आधी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे, आणि सगळ्यात शेवटी कुत्र्याकडे. त्यानंतर तो किंचाळला.

मुलं भीती आपल्या चेहऱ्यावरून उचलतात, हे नुसतं म्हणायला म्हणून नाही. 2002 साली गेरुल आणि रेपी या संशोधकांनी जेमतेम चालायला लागलेल्या बाळांना रबरी साप आणि रबरी कोळी दाखवले. शेजारी आई एकदा घाबरल्यासारखा चेहरा करून बसलेली, एकदा हसरा. जिथे आईचा चेहरा घाबरलेला होता, त्या खेळण्यापासून बाळं नंतरही लांब राहिली. दादूच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. मी म्हटलं, "अपराधी वाटून घेऊ नका. तुमच्या बोटांनी जर हे त्याला शिकवलं असेल, तर दुसरंही काही तीच शिकवतील."

तिसऱ्या भेटीत दादूला मी गेल्या उन्हाळ्यातली सहल सांगायला लावली. आईबाबा कोपऱ्यात गप्प बसून होते.

"आम्ही जेवत होतो. मग कुत्रा आला."

"कसा होता?"

"एवढा मोठा. काळा. जीभ बाहेर."

"मग?"

"मी ओरडलो. बाबांनी मला उचललं."

"आणि कुत्र्याने पुढे काय केलं?"

दादू थांबला. आईकडे बघितलं, मग बाबांकडे. "माहीत नाही. आम्ही गाडीत जाऊन बसलो."

मी मांजराचं विचारलं. मांजर खुर्चीखाली आलं, आईने त्याला पोटाशी धरलं, ते खोलीत गेले. मांजराने पुढे काय केलं? माहीत नाही. घोडा? बाबांनी गाडी वळवली. शेळी? ताई त्याला ओढत घेऊन गेली. मी विचारत गेले आणि दर वेळी गोष्ट नेमकी त्याच जागी तुटत गेली. शेवटी बाबाच न राहवून म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का? आम्हालाही माहीत नाही."

मी कागद पुढे सरकवला. "मग त्या काळ्या कुत्र्याने काय केलं असेल, काढून दाखव." दादूने कुत्र्याचं तोंड काढलं, त्यात दात काढले, आणि दात काढायचे काही संपेचनात. शेवटी दात कागदाबाहेर जायला लागले.

या कामात इतकी वर्षं घालवल्यावर काही क्षण ओळखू येतात. हा तसा होता. या मुलाने आयुष्यात प्राण्याचा एकही प्रसंग शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. दर वेळी कुणीतरी प्रेमाने, धावत येऊन त्याला मध्येच उचलून नेलं होतं. शेवट नसलेली गोष्ट मन तशीच ठेवत नाही, स्वतः पुरी करतं, आणि घाबरलेलं मन ती दातांनी पुरी करतं. त्यातून निघणारा धडा ठरलेला: बाबांनी उचललं म्हणून आज वाचलो. प्रत्येक सुटकेनंतर भीती थोडी वाढलेली असते, कारण ती खोटी ठरण्याची संधीच तिला मिळालेली नसते. शरीराचंही तसंच. धडधड वाढते, घाम येतो. पण माणूस जागेवर थांबला तर ती लाट थोड्या वेळाने आपसूक ओसरते. पळून जाणाऱ्याला ते ओसरणं कधी अनुभवायलाच मिळत नाही. त्याला वाटतं, पळालो म्हणून धडधड थांबली.

म्हणून मी "घाबरू नकोस" हे वाक्य घरातून पूर्ण बंद करवलं. "काही करत नाही तो" हेही बंद. तो काहीतरी करतोच. भुंकतो, वास घेतो, अंगाला अंग घासतो. आपण "काही करत नाही" म्हणतो आणि तेवढ्यात तो भुंकतो, की आपला शब्द गेला. त्याऐवजी एकच काम दिलं: शेवट बघायचा आणि वहीत लिहायचा. सुरुवात घराच्या खिडकीतून. खाली रस्त्यावर कुत्रा दिसला की तो नजरेआड होईपर्यंत खिडकी सोडायची नाही. वहीतली पहिली नोंद मला अजून आठवते: "कुत्रा झोपला होता. उठला. स्कूटरच्या चाकाचा वास घेतला. शू केली. गेला." खाली ताईने लिहिलं होतं, "शू स्कूटरवरच केली." ते वाचताना दादू पोट धरून हसला. ज्याला आपण हसतो, त्याचं भय तेवढ्यापुरतं तरी कमी होतं.

मग खिडकीतून फाटकापर्यंत, फाटकातून रस्त्याच्या पलीकडल्या बाजूला. किती अंतरावर उभं राहायचं हे दादू ठरवणार, कधी पुढे सरकायचं तेही तोच. बाबांना एक अवघड काम होतं: दोन्ही हात खिशात ठेवून शेजारी उभं राहायचं. आईचं काम त्याहून अवघड, बोटं सैल ठेवायची.

ही रीत माझी नाही. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबून थोडा थोडा जवळ आणायचा. अधूनमधून न घाबरणारी मुलंही सोबत ठेवायची. त्यांनी प्रगतीच्या सतरा पायऱ्या नोंदवल्या आहेत. पहिल्या पायरीवर ससा पिंजऱ्यात, खोलीत कुठेही असला तरी पीटर घाबरतो. शेवटच्या पायरीवर तो सशाला आपली बोटं कुरतडू देतो. मला त्यातला मधला भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. पीटर आजारी पडला, इस्पितळातून बाहेर पडताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळी भीती परत आली. बाईंनी पुन्हा सुरुवात केली.

दादूचंही तेच झालं. सहल तोंडावर आलेली, आणि शेजारच्या गाडीखालून एक कुत्रा अचानक भुंकत बाहेर आला. दादू दोन दिवस खिडकीपाशीही गेला नाही. बाबा फोनवर म्हणाले, "सगळं पाण्यात गेलं." मी त्यांना पीटर सांगितला आणि म्हटलं, दोन पायऱ्या खाली या, वही बंद करू नका. या टप्प्यावर हात टेकणारे पालक मी पुष्कळ पाहिलेत. दादूचे आईबाबा टिकले, त्यांचं मला कौतुक आहे.

खरी कलाटणी मिळाली ती ताईच्या मैत्रिणीच्या अंगणात. तिच्याकडे एक म्हातारी, संथ कुत्री होती. घाबरणाऱ्या मुलासमोर त्याच्या वयाच्या जवळपासचं मूल प्राण्याशी सहज वागताना दिसलं, तर मोठ्यांच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त काम होतं. अल्बर्ट बंडुरा आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये कुत्र्यांना घाबरणाऱ्या 3 ते 5 वर्षांच्या मुलांवर हेच करून पाहिलं होतं. मैत्रीण कुत्रीचे केस विंचरत होती. दादू अंगणाच्या टोकाला पायरीवर बसला होता. मी मुद्दाम गेले होते त्या दिवशी.

थोड्या वेळाने कुत्री उठली आणि थेट दादूच्या दिशेने चालायला लागली. बाबांचे हात खिशातून निम्मे बाहेर आले. मी काही बोलले नाही, फक्त त्यांच्याकडे पाहिलं. हात आत गेले. दादूने गुडघे पोटाशी घेतले, ओठ मिटले, पण जागा सोडली नाही. कुत्री आली, त्याच्यापासून हातभर अंतरावरून पुढे गेली, पायरीशेजारच्या भांड्यातलं पाणी लपालपा प्यायली आणि आली तशी परत फिरली.

दादू काही क्षण भांड्याकडे बघत राहिला. मग ओरडला, "ती माझ्याकडे येतच नव्हती! तिला तहान लागली होती!"

हे वाक्य मी त्यानंतर किती पालकांना सांगितलं असेल. घाबरलेल्या मुलाला वाटत असतं की जगातला प्रत्येक प्राणी आपल्याचसाठी निघालाय. त्या प्राण्याला त्याची स्वतःची कामं आहेत, तहान आहे, सावली हवी आहे, हे शब्दांनी पटवता येत नाही. तो पाणी पिऊन परत जाईपर्यंत तिथे बसूनच राहावं लागतं.

सहल झाली. घोडे होते, शेळ्या होत्या, जेवणाच्या टेबलाखाली मांजर होतं. आईचा फोन आला, सुरात थोडी निराशा. "मॅडम, ओरडला नाही, पण हात काही लावला नाही हो कशालाच." मी विचारलं, सहल अर्ध्यावर सोडावी लागली का? नाही. जेवला? हो. झोपला? गाढ. मग हात कशाला लावायला हवा? प्राण्याला कुरवाळतानाचा फोटो हे आपलं वेड आहे, मुलाची परीक्षा नाही. घाबरणाऱ्या मुलाचा हात धरून जबरदस्तीने घोड्याच्या पाठीवर ठेवणं आणि त्याला उचलून पळणं, दोन्हींत ठरवणारे आपणच असतो. "घाबरट" म्हणून चारचौघांत चिडवणं तर त्याहून वाईट. त्यातून मूल भीती लपवायला शिकतं, आणि लपलेल्या भीतीवर मला काम करता येत नाही.

सहलीत खरी काळजी मला ताईची होती. दिसेल त्या प्राण्याकडे धावणाऱ्या मुलांबद्दल कुणी विचारायला येत नाही. तिच्यासाठी नियम लिहून दिले. अनोळखी कुत्र्याला हात लावण्याआधी मालकाला विचारायचं, मालक नसेल तर लावायचाच नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे असं नाही. घोड्याच्या मागून जायचं नाही. माकडासमोर खाण्याची पिशवी उघडायची नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. माकडाने दात दाखवले तर ते हसत नाही. कुत्रा अंगावर भुंकत आला तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं आणि नजर बाजूला ठेवायची. गंमत म्हणजे हे नियम दादूलाच जास्त उपयोगी पडले. काय करायचं हे माहीत असलं की थांबणं सोपं जातं.

प्रत्येक घराला माझ्यासारखीची गरज नसते. पण भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली असेल, मूल खेळायला किंवा शाळेत जायला नाही म्हणत असेल, झोप उडत असेल, तर सुट्टी तोंडावर येण्याची वाट बघू नका. लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1989 मध्ये एकाच, जास्तीत जास्त तीन तासांच्या बैठकीत अशा भीतीवर काम करण्याची रीत मांडली. मी स्वतः सावकाश जाते, घरच्यांना सोबत घेऊन. पण हा आयुष्यभराचा आजार नाही, एवढं त्यावरून लक्षात यावं.

शेवटच्या भेटीत बाबांनी विचारलं, "म्हणजे आता त्याला कधीच उचलायचं नाही का?" असं मुळीच नाही. कुत्रा खरोखर अंगावर धावून आला तर मध्ये जा, उचला, विचार करत उभे राहू नका. आणि चावलं किंवा ओरखडलं, कितीही किरकोळ दिसलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा, हळद-मिरची काही भरू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरचे रागावतील म्हणून मुलं चावल्याचं लपवतात, तेव्हा "सांगितलंस तर रागावणार नाही" हे त्यांना सहलीला निघण्याआधीच सांगून ठेवा. डॉक्टर लसीचे जेवढे डोस सांगतील तेवढे सगळे, ठरल्या तारखांना. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली म्हणून मधला एखादा गाळू नका.