सिनेमातली घटना कादंबरीत 'समाविष्ट' होते का?

प्रश्न असा आहे की 'स्टार ट्रेकच्या टाय-इन कादंबऱ्यांमध्ये २००९च्या चित्रपटातील रोम्युलसचा विनाश कसा समाविष्ट केला जाऊ शकेल' हे वाक्य मराठीत बरोबर आहे का, की 'समाविष्ट'च्या जागी दुसरं काही हवं. (स्टार ट्रेक ही अंतराळातल्या गोष्टींची टीव्ही आणि सिनेमाची मालिका, रोम्युलस हा तिच्यातला रोम्युलन लोकांचा ग्रह, आणि टाय-इन म्हणजे अशा सिनेमा-मालिकांच्या जगाला जोडून लिहिलेल्या कादंबऱ्या.)

व्याकरणात चूक नाहीये, पण शब्द बसत नाही, आणि तो का बसत नाही हे कळायला या कादंबऱ्यांचं काम कसं चालतं ते बघावं लागतं, नुसता शब्दकोश उघडून भागत नाही.

'समाविष्ट' आपण कुठे वापरतो? यादीत नाव समाविष्ट, अभ्यासक्रमात धडा समाविष्ट, आणि पुण्यात तर 'समाविष्ट गावं' हा रोजच्या बातम्यांतला शब्द झालाय, २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली तेव्हापासून तर जास्तच. या सगळ्यात जे आत येतं ते आहे तसं येतं, आत घेणाऱ्याची हद्द तेवढी सरकते. आता स्टार ट्रेकचं बघा. २००९च्या सिनेमात सांगितलं की २३८७ साली एका ताऱ्याचा स्फोट होऊन रोम्युलस हा अख्खा ग्रह नष्ट होतो. त्या वेळी कादंबऱ्यांची मालिका २३८१च्या आसपास पोचली होती, सिनेमांच्या पुढची गोष्ट लेखकांनी स्वतः रचत नेलेली, रोम्युलन साम्राज्याचे दोन तुकडे झालेले, त्यांचं राजकारण कितीतरी पुस्तकं चाललेलं. आणि अशात सिनेमा सांगतो की अजून पाचसहा वर्षांनी हा ग्रहच नसणार. म्हणजे घटना कादंबरीत अजून घडलेली पण नाही, पण घडणार हे पक्कं, आणि ती टाळायचा अधिकार लेखकाला नाही कारण सिनेमाचा शब्द शेवटचा. आजपासूनच प्रत्येक पात्राची, प्रत्येक तहाची मांडणी तो दिवस लक्षात ठेवून करावी लागणार.

याला मराठीत 'सामावून घेणं' म्हणतात. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेतात तेव्हा नुसतं हजेरीपटावर नाव चढत नाही, तिथलं वेळापत्रक हलतं, कुणाचा तरी वर्ग जातो. येणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला जास्त बदलावं लागतं, हा अर्थ 'सामावून घेणं' मध्ये आहे आणि 'समाविष्ट' मध्ये नाही. सरकारी कागदावर यालाच समायोजन म्हणतात, पण कादंबरीबद्दल लिहिताना तो शब्द कोरडा वाटतो, मी वापरणार नाही.

अर्थात सगळीकडे सामावून घेणं जमतंच असं नाही, आणि तिथे क्रियापद बदलायला हवं. 'एलियन्स' हा परग्रहावरच्या राक्षसी प्राण्यांचा सिनेमा १९८६चा, त्यात शेवटी हिक्स हा सैनिक आणि न्यूट ही छोटी मुलगी जिवंत राहतात, मग १९८८ पासून कॉमिक्समध्ये त्यांची पुढची गोष्ट सुरू झाली, न्यूट मोठी झालेली वगैरे, आणि १९९२ मध्ये तिसरा सिनेमा आला त्यात सुरुवातीलाच दोघं मेलेली. झालं! मग त्याच कॉमिक्सच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये आणि त्यावरून स्टीव्ह पेरींनी लिहिलेल्या कादंबऱ्यांमध्ये त्या दोघांची नावं बदलून विल्क्स आणि बिली केली, गोष्ट बरीचशी तीच. इथे सिनेमातली घटना कादंबरीत आलेलीच नाही, कादंबरीने तिच्याशी 'जुळवून घेतलं'. समाविष्ट म्हणाल तर अर्थच उलटा होईल. मला ही नावं बदलायची गोष्ट अजून खटकते, ज्या वाचकाने चार वर्षं न्यूटची काळजी केली त्याच्यासाठी बिली ही कोणी दुसरीच.

विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कचं उदाहरण वेगळंच. १९६८च्या '२००१'मध्ये सिनेमातलं यान गुरूकडे जातं आणि त्याच वेळी लिहिलेल्या त्याच्या कादंबरीत शनीकडे. १९८२ मध्ये पुढचा भाग लिहिताना त्याने स्वतःचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि सिनेमातला गुरू धरला. इथे 'प्रमाण मानला' म्हणा. पोथ्यांच्या पाठांबद्दल आपण हा शब्द वापरतोच, कुठला पाठ प्रमाण, कुठली ओवी प्रक्षिप्त, तेव्हा चाहते ज्याला कॅनन म्हणतात, म्हणजे त्या जगात खरी धरायची गोष्ट, त्यासाठी नवीन शब्द घडवायची काही गरज नाही, 'प्रमाण' आहे की.

आणि आयझॅक असिमोव्ह या विज्ञानकथालेखकाने १९६६ मध्ये 'फँटास्टिक व्हॉयेज' या सिनेमाची कादंबरी केली ती तर पटकथेतली चूक 'सुधारून' केली. सिनेमात सूक्ष्म करून रुग्णाच्या शरीरात सोडलेल्या पाणबुडीला पांढरी पेशी गिळते आणि माणसं तेवढी बाहेर येतात, पण मग आत राहिलेले तुकडे परत मूळ आकाराचे झाले तर त्या रुग्णाचं काय होईल? असिमोव्हने ती पेशीच पाणबुडीसकट बाहेर आणली. पुस्तक सिनेमाच्या आधी बाजारात आलं म्हणून लोकांना वाटलं सिनेमाच पुस्तकावरून काढलाय.

'समाविष्ट' जिथे खरंच शोभतं ते उलट्या दिशेने, कादंबरीतून सिनेमात. स्टार ट्रेकमधल्या सुलू या पात्राचं पहिलं नाव हिकारू हे व्होंडा मॅकिंटायरच्या १९८१च्या कादंबरीतलं, ते १९९१च्या सहाव्या सिनेमात पडद्यावर आलं, जसंच्या तसं.

आता तुमच्या वाक्यातलं 'केला जाऊ शकेल'. हे कर्मणी वळण काढूनच टाका, त्याने कोण करतंय ते दिसेनासं होतं आणि इथे तर करणारी कादंबरीच आहे. 'रोम्युलसचा विनाश स्टार ट्रेकच्या कादंबऱ्या कसा सामावून घेतील?' एवढं पुरे. फक्त काळ भूतकाळी करावा लागेल, कारण २०२० पासून 'पिकार्ड' या स्टार ट्रेकच्या टीव्ही मालिकेने या घटनेचा आणखी वेगळा इतिहास मांडला आणि २०२१ मध्ये 'कोडा' या तीन कादंबऱ्यांनी ती जुनी कादंबऱ्यांची दुनियाच संपवली. तेव्हा त्या जुन्या कादंबऱ्यांबद्दल लिहायचं तर 'सामावून घेता आला नाही' असंच लिहा.

'टाय-इन'ला 'चित्रपटावर आधारित' म्हणू नका एवढं मात्र नक्की. आपल्याकडे आधारित म्हटलं की अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून 'सिंहासन' निघाला तशी कादंबरीकडून सिनेमाकडे जाणारी वाट डोक्यात येते, आणि दुसरं म्हणजे यातल्या बऱ्याच पुस्तकांची गोष्ट सिनेमात नसतेच, फक्त जग सिनेमाचं असतं. मी स्वतः 'जोडकादंबरी' लिहितो, जोडधंदा सारखं. नाही आवडलं तर टाय-इन तसंच ठेवा, वाचणाऱ्याला कळतं.